कापलेली अडीच मिनिटं : प्रश्नमंजुषा बनवणाऱ्यांना एका बस वाहकाचं खुलं पत्र

प्रति,
टीव्हीवर प्रश्नमंजुषेचे कार्यक्रम करणाऱ्या वाहिन्या, निर्माते, संकलक आणि प्रोमो कापणारी सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी बेस्टमध्ये वाहक आहे, सत्तावीस वर्षं. लालबागच्या चाळीत लहानाचा मोठा झालो. वडील गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होतो. त्यानंतर वडील गिरणीच्या गेटातून पुन्हा आत गेले नाहीत. बारावीनंतर माझं कॉलेज सुटलं, पण वाचायची सवय राहिली. रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेली स्पर्धा परीक्षांची मासिकं मी डेपोत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात वाचत आलो. 2000 च्या जुलैमध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, त्या रात्री आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडी होती आणि सगळ्या खोल्यांतून एकच आवाज येत होता. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो. एकदा तरी त्या खुर्चीवर बसायचं, हे तेव्हापासून मनात होतं.

बसलो. काही महिन्यांपूर्वी, तुमच्यापैकीच एकांच्या कार्यक्रमात. वाहिनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका वाहिनीवर राग काढून मला काही मिळणार नाही, आणि मी ज्या पद्धतीबद्दल लिहितोय ती थोड्याफार फरकाने सगळीकडे दिसते. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं नंतर काय होतं, ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

प्रश्न 1 लाख 60 हजारांचा होता. मुंबईत पहिली बस कोणत्या वर्षी धावली? पर्याय होते 1874, 1907, 1926 आणि 1937. मी 1937 सांगितलं. बरोबर उत्तर 1926. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. बेस्टच्या माणसाने हे चुकायला नको होतं. मी चुकलो, आणि त्या चुकीत मला कसलीही सवलत नको आहे.

प्रसारणाच्या चार दिवस आधी तुमचा प्रोमो आला. तेवीस सेकंदांचा. सूत्रसंचालक म्हणतात, "सत्तावीस वर्षं बेस्टमध्ये, म्हणजे हा तर तुमच्या घरचाच प्रश्न." मी हसतो. लगेच माझाच आवाज, "1937, लॉक करा." मग काच फुटल्याचा आवाज. प्रेक्षकांतल्या एक बाई कपाळाला हात लावतात. आणि पडद्यावर मोठी अक्षरं येतात : 'कंडक्टरलाच बसचं उत्तर येईना?'

त्या बाईंनी कपाळाला हात लावला होता तो माझ्या आधीच्या स्पर्धकाच्या वेळी. मी तेव्हा फास्टेस्ट फिंगरच्या रांगेत बसलो होतो आणि त्या बरोबर माझ्या समोर होत्या. त्यांची निळी साडी मला आठवते.

माझं हसणं आणि माझं 'लॉक करा' यांच्यामध्ये अडीच मिनिटं होती. कदाचित थोडी जास्तच. त्या वेळात मी काय बोललो ते इथे लिहितो, कारण प्रोमोत ते नव्हतं आणि भागातही त्यातलं एकच वाक्य ठेवलं गेलं.

त्या दिवशी सकाळी तुमच्याच माणसांनी आम्हा दहा जणांना सांगितलं होतं, की मनात विचार करू नका, मोठ्याने करा, लोकांना तुमचं डोकं कसं चालतं ते बघायचं असतं. म्हणून मी मोठ्याने बोललो. म्हणालो, 1874 ही घोड्याच्या ट्रामची तारीख, 9 मे. 1907 साली ट्राम विजेवर आली. म्हणजे हे दोन्ही गेले, हे बसचे नाहीत. उरले दोन. मग मी माझ्या वडिलांनी सांगितलेली शेवटच्या ट्रामची गोष्ट सांगितली. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा वडील अठरा वर्षांचे होते आणि गर्दीत उभे राहून त्यांनी ती पाहिली होती. सूत्रसंचालकांनी ती गोष्ट फार मन लावून ऐकली, याबद्दल त्यांचे आभार. त्यानंतर मी 1926 आणि 1937 यांत अडकलो.

1937 डोक्यात का बसलं होतं तेही सांगतो. 15 सप्टेंबर 2023 ला मुंबईतली जुनी डिझेलवरची डबल डेकर शेवटची धावली, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे. मी सुट्टी टाकून बघायला गेलो होतो. ऐन उमेदीची काही वर्षं मी डबल डेकरवर काढली आहेत. वरच्या मजल्यावर तिकिटं फाडताना वळणावर पाय कसे रोवायचे, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. गाडीला हार घातले होते, लोक डोळे पुसत होते. आणि त्या दिवसांत पेपरात, फलकांवर, लोकांच्या तोंडी एकच साल होतं : 1937, मुंबईत डबल डेकर आली ते वर्ष. ते साल माझ्या मनात 'बस' या शब्दाला चिकटलं ते चिकटलंच. लाइट डोळ्यांवर होते, ओठ कोरडे पडले होते, आणि मला 1937 च ओळखीचं वाटलं.

लोक विचारतात, लाइफलाइन का नाही घेतली? घेतल्या होत्या. तिन्ही आधीच संपल्या होत्या, एक क्रिकेटच्या प्रश्नावर, दोन सिनेमाच्या. प्रोमोत हे कळायला मार्ग नव्हता. हातातले 80 हजार घेऊन उठलो का नाही, असंही विचारतात. याचं उत्तर मी अजून कुणाला नीट दिलेलं नाही. बेस्टवरचा प्रश्न सोडून उठणं मला जमलं नसतं. पैसे घेऊन मी घरी गेलो असतो, पण डेपोत जाताना पाय जड झाले असते. त्यापेक्षा उत्तर देऊन चुकलेलं बरं, असं त्या क्षणी वाटलं. आजही वाटतं.

चुकल्यावर मी 20 हजारांवर आलो. त्यातून तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर कापून 13 हजार 760 रुपये खात्यात आले. हे सांगतोय, कारण प्रोमो पाहिलेल्या एका नातेवाइकांनी मला दोन लाख उसने मागितले आणि मी नाही म्हटल्यावर बोलणं टाकलं.

आता प्रोमोनंतरचे दिवस.

पहिल्या रात्री डेपोतल्या मित्राने तो पाठवला. खाली तेव्हा चारशे प्रतिक्रिया होत्या. सकाळी पहिली गाडी काढेपर्यंत त्या चार हजारांवर गेल्या. सुरुवातीच्या प्रतिक्रिया चुकीबद्दल होत्या, तेवढं मी समजू शकतो. पण विसेक प्रतिक्रियांनंतर चूक मागे पडली आणि माणूस सुरू झाला. आरक्षणातून भरती झाला असेल. सुट्टे पैसे दाबण्यातच आयुष्य गेलं, अभ्यास कधी करणार? असली माणसं आहेत म्हणून बेस्ट तोट्यात. मराठी माणूस असाच मागे राहतो. माझ्या शर्टाच्या कॉलरवर, दातांवर, उच्चारांवर. आणि यातलं बहुतेक सगळं तुमच्याच अधिकृत पानावर, तुमच्याच चित्रफितीखाली लिहिलं जात होतं, कुठल्या कोपऱ्यातल्या गटात नव्हे.

गाडीत तेच. एका मुलाने दहाची नोट पुढे करून म्हटलं, "काका, एक 1937 द्या." त्याचे मित्र हसले. मी तिकीट दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मशीनवरचे आकडे दिसत नव्हते, पण बोटांना सवय आहे.

पहिले तीन दिवस मी चूक केली, जी बहुतेक सगळेच करत असतील. मी प्रत्येकाला उत्तर देत बसलो. दुसऱ्या पाळीवरून घरी आलो की जेवायच्या आधी मोबाइल. रात्री दोन वाजेपर्यंत टाइप करायचो : साहेब, माझ्या लाइफलाइन संपल्या होत्या. ताई, मी विचार केला होता, तो दाखवला नाही. दादा, आरक्षणाचा इथे काय संबंध? एकाला समजावलं की दहा नवे येत. ज्यांना मी आदराने लिहिलं ते जास्त चेकाळत. रक्तदाब वाढला, गोळीचा डोस बदलावा लागला.

चौथ्या रात्री माझी मुलगी उठून स्वयंपाकघरात आली. ती बी. कॉम. ला आहे. म्हणाली, "बाबा, गाडीत कोणी तुमच्याशी भांडायला लागला की तुम्ही असंच बोलत बसता का?"

तिचं म्हणणं मला एकदम पटलं. सत्तावीस वर्षं मी अनोळखी लोकांचा राग ऐकून घ्यायचंच काम करतोय. 9 मे 2025 ला साध्या बसचं किमान भाडं 5 रुपयांचं 10 झालं. भाडं मी ठरवलेलं नव्हतं, पण त्या सकाळी प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याने जाब मलाच विचारला. आम्हा वाहकांना त्याचं एक तंत्र येतं. ते कुठे छापलेलं नाही, जुने वाहक नव्यांना शिकवतात. प्रवासी ओरडला की आपला आवाज एक पट्टी खाली घ्यायचा. तो खरं बोलत असेल, म्हणजे आपण एका स्टेजचे पैसे जास्त घेतले असतील, तर लगेच "हो, चुकलं" म्हणून पैसे परत करायचे, कारणं सांगायची नाहीत. त्याचा राग दुसऱ्याच कशाचा असेल, उशीर झाला म्हणून, गर्दी आहे म्हणून, घरातून भांडून निघाला म्हणून, तर तिकीट द्यायचं आणि पुढच्या सीटकडे वळायचं. आणि कुणी हात उचलला किंवा गाडीतल्या बाईमाणसाला काही बोलला, तर घंटी मारून गाडी चौकीसमोर उभी करायची. या तिघांना एकच वागणूक देणारा वाहक महिनाभरही टिकत नाही. मी मोबाइलवर नेमकं तेच करत होतो.

मग मी आणि मुलगी एका रविवारी बसलो आणि प्रतिक्रियांची वर्गवारी केली. खरी चूक दाखवणारे निघाले फार थोडे, पण त्यांनी मला पुष्कळ दिलं. एका निवृत्त गृहस्थांनी पहिल्या बसचा मार्ग आणि तारीख लिहून पाठवली होती, एकही टोचणारा शब्द न वापरता. त्यांना मी उत्तर लिहिलं, "आपलं बरोबर आहे, मी चुकलो, आभारी आहे." पुढच्या साप्ताहिक सुट्टीला आम्ही दोघं बापलेक कुलाब्याला गेलो. अफगाण चर्चपासून निघालो आणि क्रॉफर्ड मार्केटपर्यंत शक्य तितका तोच रस्ता धरला, थोडा बसने आणि बराचसा पायी. आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालयही तिला दाखवलं. इतकी वर्षं नोकरी करून मी तिला तिथे कधी नेलं नव्हतं. 15 जुलै 1926 पासून 15 जुलै 2026, शंभर वर्षं. हा हिशेब ती मला टॅक्सीत बसून सांगत होती, आणि खूप दिवसांनी घरातलं कुणीतरी 1926 हा आकडा न कचरता बोललं.

नुसतं चिडलेल्यांना मी उत्तर देणं बंद केलं. हे लिहायला सोपं आहे. करायला मला दोन आठवडे लागले, आणि त्या काळात मोबाइल रात्री बायकोच्या उशीखाली असायचा.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र मी गप्प बसलो नाही. कुणीतरी माझ्या मुलीचा फोटो शोधून काढला आणि त्याखाली असं काही लिहिलं की ते मी इथे लिहू शकत नाही. आम्ही प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घेतला, लिंक, तारीख आणि वेळ लिहून ठेवली, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. पोलिसांकडेही गेलो. जी मंडळी अशा प्रसंगातून जात असतील त्यांना एवढंच सांगतो, की घाण वाटली म्हणून लगेच पुसून टाकू नका, आधी पुरावा जपा. तो मजकूर उतरवला गेला. पण मुलीने तीन महिने कॉलेजच्या कुठल्याही कार्यक्रमात फोटो काढू दिला नाही. मी पुरुष आहे, पन्नाशीचा आहे, मला कंडक्टर म्हणून हिणवून झालं. आमच्याच बॅचमध्ये एक गृहिणी होत्या, पाचव्या प्रश्नावर बाहेर पडल्या. त्यांच्या वाट्याला उत्तराबद्दलच्या प्रतिक्रिया जवळजवळ आल्याच नाहीत. साडी, हसणं, सूत्रसंचालकांकडे बघणं, नवऱ्याने हिला सोडलं कसं, इथपर्यंत. कुणीतरी त्यांचा मोबाइल नंबर मिळवला आणि त्यांना सिमकार्ड बदलावं लागलं. त्यांनी मला फोनवर विचारलं, "दादा, माझं नेमकं काय चुकलं?" त्यांचं एका नदीचं नाव चुकलं होतं.

आता मला माझीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र खोटं होईल. 2019 मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त सोनाक्षी सिन्हाला विचारलं गेलं, की हनुमानाने संजीवनी कोणासाठी आणली, आणि तिला लाइफलाइन घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तिची टिंगल होती. ती टिंगल मी माझ्या तीन गटांत पुढे पाठवली. एकाखाली हसणारे चेहरेही टाकले. मोठी नटी आहे, तिला काय फरक पडतो, असं तेव्हा वाटलं होतं. तिला किती फरक पडला हे मला आजही सांगता येणार नाही, पण त्या वेळी मी काय करत होतो हे मला आता पुरतं कळतं. ज्या मुलाने माझ्याकडे '1937' चं तिकीट मागितलं त्याच्यावर मी म्हणूनच रागावू शकलो नाही.

मुलीने मला अमेरिकेतल्या 'जेपर्डी' या प्रश्नमंजुषेचंही उदाहरण वाचून दाखवलं. 2014 साली आर्थर चू नावाचा एक स्पर्धक तिथे सलग अकरा भाग जिंकला. तो प्रश्न वरून खाली क्रमाने न घेता फळ्यावर कुठूनही घ्यायचा, आणि नियमात बसत असूनही त्यासाठी त्याला लोकांनी सोलून काढलं. मला हे ऐकून धक्का बसला. मी समजत होतो, की लोक चुकल्याबद्दल बोलतात. तिथे तर बरोबर उत्तरं देणाऱ्यालाही सुटका नव्हती.

म्हणून मी लोकांना पत्र लिहीत नाही, तुम्हाला लिहितोय. लाखो लोकांची तोंडं मी धरू शकत नाही आणि धरावीत असंही मला वाटत नाही. टीव्हीवर आलो म्हणजे लोक बोलणार. मात्र लोकांच्या हातात काय द्यायचं ते तुम्ही ठरवता. त्या तेवीस सेकंदांत मला विचार न करणारा माणूस बनवलं गेलं. लोकांनी जे पाहिलं त्यावर ते बोलले. ज्यांनी पूर्ण भाग पाहिला त्यांच्यातल्या कित्येकांनी मला थांब्यावर हात मिळवून सांगितलं, "काका, शेवटच्या ट्रामचं ऐकून बरं वाटलं." तेवढं एक वाक्य भागात राहिलं होतं म्हणून. राहिलेली अडीच मिनिटं दिसली असती तर प्रतिक्रिया काय आल्या असत्या, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कार्यक्रम चालायला हवा, हे मला कळतं. प्रोमो लक्ष वेधणारा हवा, हेही कळतं. पण स्पर्धकाच्या चुकीवर प्रोमो बेतायचाच असेल तर त्याचा विचारही त्यात येऊ द्या, निदान दोन वाक्यं. दुसऱ्या प्रसंगातले चेहरे आणून माझ्या उत्तरापुढे लावू नका. ते खोटं आहे, आणि निळ्या साडीतल्या त्या बाईंवरही तो अन्याय आहे, कारण त्यांचं तोंड आता माझ्या टिंगलीचं चित्र म्हणून फिरतंय.

प्रोमो दाखवण्याच्या आदल्या दिवशी एक फोन करा. मला प्रोमो कळला तो डेपोतल्या मित्राकडून. घरच्यांना आधी सांगता आलं असतं, मुलीला तयार करता आलं असतं. चित्रीकरणाच्या आधी तुम्ही आम्हाला किती जपता! कपड्यांचे रंग सांगता, पट्टे नकोत म्हणता, चहा विचारता, मेकअप करता, आमच्या घरी येऊन आमची गोष्ट चित्रित करता. माझ्या आईच्या फोटोसमोर दिवा लावतानाचं दृश्य तुम्ही चार वेळा घेतलंत आणि मी चारही वेळा मनापासून लावला. मग भाग दाखवून झाल्यावर तुमच्या टीममधल्या कुणाचाही नंबर लागत नाही, हे मला फार लागलं. मी सहा वेळा फोन केला. ज्या मुलीने ऑडिशनपासून माझ्याशी 'काका, काका' करून बोलणं ठेवलं होतं, तिने शेवटी मेसेज केला, की ती आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. तिचा दोष नाही. तिच्या जागी पुढे कोण, हे कुणीतरी ठरवून ठेवायला हवं होतं. भाग दाखवल्यानंतर निदान दोन आठवडे स्पर्धकाचा फोन उचलणारा एक माणूस नेमा. त्याने काही चमत्कार करायचा नाही. तुमच्या पानावरची कुठली प्रतिक्रिया काढायची, तक्रार कुठे करायची, हे त्याने सांगितलं आणि तीन मिनिटं ऐकून घेतलं तरी पुष्कळ झालं.

तुमच्या पानावर जाहिरातदाराविरुद्ध कुणी लिहिलं तर ते तासाभरात जातं, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे बघणारा माणूस तिथे आहे. माझ्या जातीवर आणि त्या ताईंच्या चारित्र्यावर जे लिहिलं गेलं ते आठ महिने तसंच आहे. काल रात्री पुन्हा पाहिलं, आहे.

करारपत्राबद्दलही लिहायचं आहे. एकोणीस पानं, सगळी इंग्रजीत, आणि सही करायला हॉटेलच्या लॉबीत वीस मिनिटं. मी वाचायचा प्रयत्न केला. मागे रांग होती. त्यात कुठेतरी लिहिलं असणार, की चित्रीकरणाचा कसाही वापर करायचा हक्क तुमचा. मी सही केली, तेव्हा कायद्याने माझं काही म्हणणं नाही. पण मराठी प्रश्न विचारणाऱ्या कार्यक्रमात स्पर्धकाला मराठीत एक पान द्यायला काय हरकत आहे? तुमच्या उत्तराचा प्रोमो होऊ शकतो, तो तुम्हाला आधी दाखवला जाणार नाही, लोक बोलतील, तेव्हा काय करायचं ते हे. एवढं एक पान. मी ते वाचून कदाचित तरीही सही केली असती.

तुम्हाला वाटेल, हा माणूस चिडून लोकांना म्हणतोय, की या कार्यक्रमांत जाऊ नका. मी तसं म्हणत नाही. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या. तो भाग मी पाहिला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत आम्ही दहा-बारा जण त्याच्यावरच बोलत होतो. आमच्यासारख्यांना 'तुला काय येतं?' असं चारचौघांत विचारणारी दुसरी जागा कुठे आहे? मला सत्तावीस वर्षांत 'सुट्टे आहेत का' आणि 'ही गाडी कुठे जाते' याखेरीज फारसं कुणी काही विचारलेलं नाही. तुम्ही विचारलंत. सूत्रसंचालकांनी नऊ प्रश्न विचारले आणि मी आठ बरोबर दिले. त्यातला एक नायट्रोजनवरचा होता आणि एक तुकोबांच्या जन्मगावाचा. त्या पाऊण तासाला मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि माझी बायको सेटवर पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे जशी बघत होती ते तर कधीच नाही.

मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी ती फॉर्म भरणार आहे. मी तिला नाही म्हटलेलं नाही. तिची आई मात्र नको म्हणते, आणि दोघींच्या मधे मला बोलता येत नाही, कारण मुलीला काय सांगायचं ते तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे.

एक शेवटची मागणी. माझ्या भागाचं मूळ चित्रीकरण तुमच्याकडे असेल. त्यातली ती अडीच मिनिटं, घोड्याच्या ट्रामपासून 'लॉक करा'पर्यंत, न कापता, न सजवता, तुमच्या पानावर टाका. शेवटी मी चुकतो तेही राहू द्या. काच फुटल्याचा आवाज तेवढा काढा. मी सध्या सकाळच्या पाळीला आहे, दुपारी अडीचनंतर माझा फोन लागतो, आणि नंबर तुमच्याकडे आहेच.

आपला,
बेस्टचा एक वाहक,
लालबाग, मुंबई